वाढतं वय आणि मेंदूची ऊर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडली की डोक्याबद्दलच्या शंका वाढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी उत्तरं त्या आणखी वाढवतात. इथे घेतलेले प्रश्न मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांत आणि दवाखान्यांच्या बाकांवर नेहमी ऐकू येणारे आहेत. विषय निरोगी म्हातारपणाचा आहे. आजाराचा उल्लेख फक्त फरक कळावा म्हणून येईल.

मेंदूला दिवसाला किती ऊर्जा लागते?

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा. शरीराच्या वजनाच्या मानाने दोन टक्के. पण स्वस्थ पडून असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा मेंदूचा. हिशेब २० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे घरातली एक साधी एलईडी ट्यूब रात्रंदिवस चालू ठेवावी तेवढा. दिवसाच्या ४०० किलोकॅलरी धरा.

त्यासाठी रोज १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, मिनिटाला ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त आणि त्यातून साधारण ५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. खरी अडचण साठ्याची आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन साठवलेलं असतं. मेंदूत ते अगदी थोडं, तेही चेतापेशींना सांभाळणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींत. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. म्हणून वयाबरोबर मेंदूचं काय होतं हे पाहताना मेंदूइतकंच त्याच्या पुरवठ्याकडे, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं आणि रक्तातली साखर यांच्याकडे बघावं लागतं.

एवढी ऊर्जा जाते कुठे? विचार करण्यात?

बराचसा खर्च विद्युतभार सांभाळण्यात होतो. चेतापेशीने एक संदेश पाठवला की सोडियम आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो. दोघांना पुन्हा जागच्या जागी नेणारे पंप अखंड चालू असतात आणि ते एटीपीवर, म्हणजे पेशीतल्या तयार इंधनाच्या रेणूवर, चालतात.

शब्दकोडं सोडवताना किंवा हिशेब करताना मेंदूच्या त्या भागात रक्तप्रवाह वाढतो, हे खरं. पण स्वस्थ बसलेल्या मेंदूच्या एकूण खर्चात त्याने पडणारी भर सहसा पाच टक्क्यांहूनही कमी असते. दिवसभर कागदपत्रं तपासून येणारा थकवा हा मेंदूतलं इंधन संपल्याचा पुरावा नव्हे. त्यामुळे ‘डोक्याचं काम झालं, आता काहीतरी गोड हवं’ ही सवय आहे, गरज नाही.

वय वाढतं तसा हा खर्च कसा बदलतो?

सगळ्यात महाग मेंदू लहान मुलाचा. पाच वर्षांच्या आसपास तो शिखरावर असतो; तेव्हा शरीराच्या एकूण रोजच्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. शरीराची वाढ या वयात मंदावते, त्याचं हे एक कारण मानलं जातं. पौगंडावस्थेत पेशींमधली अनावश्यक जोडणी छाटली जाते, खर्च उतरतो आणि विशी-पंचविशीत स्थिरावतो.

पुढची उतरण संथ असते. मेंदूचा रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर प्रौढ वयात वर्षाला ढोबळमानाने अर्धा टक्का घटतो, असं पेट स्कॅनवरच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती इंधन वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीवरच्या, जुन्या मोजण्या सांगतात. तीस आणि ऐंशी या दोन वयांची तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. साठाव्या आणि एकसष्टाव्या वर्षांत काहीही जाणवत नाही. कुणी ‘गेल्या सहा महिन्यांत बाबा खूप बदलले’ म्हणत असेल, तर ते या उतरणीने घडलेलं नाही. कारण दुसरं शोधावं लागेल.

ही घट खरी किती आणि मोजण्यातली किती?

प्रश्न जरा तांत्रिक आहे, पण वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळे आकडे का दिसतात ते यातून उलगडतं.

पेट स्कॅनरला साधारण चार ते सहा मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील नीट दिसत नाही. मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं. वयानुसार ते आणखी पातळ होतं, मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि त्यांत पाणी, म्हणजे मेंदूभोवतीचं द्रव भरतं. स्कॅनर पेशी आणि पाणी एकत्रच मोजतो. पाणी ऊर्जा वापरत नाही, मग आकडा खाली येतो. शिल्लक पेशी मात्र पूर्वीइतकंच काम करत असू शकतात.

एमआरआय घेऊन ही चूक गणिताने दुरुस्त केली की घट बऱ्यापैकी कमी दिसते, काही भागांत जवळजवळ नाहीशीही होते. म्हणजे वयस्कर मेंदू कमी ऊर्जा वापरतो त्यामागे दोन गोष्टी आहेत : तो थोडा लहान झालेला असतो आणि उरलेल्याचा प्रति ग्रॅम खर्चही थोडा घटतो. बातमीत ‘म्हातारपणी मेंदूचा चयापचय अमुक टक्के घटतो’ असं वाचलंत, तर ही दुरुस्ती केली होती का, हा पहिला प्रश्न.

मग खरोखर बदलतं ते काय?

साखर जाळण्याची पद्धत. संपूर्ण विषयातला सगळ्यात रोचक भाग हाच.

ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने शेवटपर्यंत जाळला तर सुमारे ३० एटीपी मिळतात. तोच अर्ध्यावर, ग्लायकोलिसिसपाशी थांबवला तर फक्त दोन. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशीने दुसरा मार्ग का धरावा? तरीही तरुण मेंदू काही ग्लुकोज असंच वापरतो; मोठ्या माणसात हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. याला एरोबिक ग्लायकोलिसिस म्हणतात. अर्धवट वापरलेल्या ग्लुकोजमधला कार्बन नव्या पेशीपडद्यांसाठी, प्रथिनांसाठी, चेतापेशींमधल्या नव्या जोडण्यांसाठी आणि ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून बचावासाठी कामी येतो. वाढत्या वयाच्या मुलांत हा वाटा बराच मोठा असतो.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की निरोगी माणसांत वयाबरोबर ग्लुकोजचा वापर ऑक्सिजनच्या वापरापेक्षा जास्त घटतो. दोन्हींतला फरक म्हणजेच हा अर्ध्यावर थांबणारा वाटा, आणि साठीच्या पुढे तो फारच थोडा उरतो. रोजचं काम चालवण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात तसाच राहतो. आटतो तो जुळणी-दुरुस्तीचा. म्हातारपणी येत असलेलं काम हातून सुटत नाही, पण नवं अ‍ॅप शिकायला नातवाला तीनदा विचारावं लागतं. या अनुभवाचा आणि त्या आटलेल्या वाट्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, तरी चित्र एकमेकांशी जुळतं.

मेंदूचे सगळे भाग सारखेच मंदावतात का?

नाही. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फरक पडतो तो कपाळामागच्या भागात, विशेषतः मधल्या बाजूला आणि अँटिरिअर सिंग्युलेट नावाच्या पट्ट्यात. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेणं, मोहाला आवर घालणं, दोन कामं एकदम सांभाळणं ही कामं इथली. लहान मेंदू आणि डोक्याच्या मागचा दृष्टीचा भाग तुलनेने टिकून राहतात.

दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीतून उतरताना सत्तरीतला माणूस फोनवरचं बोलणं मध्येच थांबवतो आणि पायऱ्या संपल्यावर पुन्हा सुरू करतो. चालणं आणि बोलणं या दोन्हींसाठी त्याला आता कपाळामागचा भाग जास्त वापरावा लागतो, म्हणून त्याने एक काम बाजूला ठेवलं. याला विसराळूपणा म्हणू नका. ही शहाणी तडजोड आहे. घरच्यांनी पायऱ्या उतरताना त्याला प्रश्न विचारू नयेत, एवढं पुरे.

एखाद्याचं नाव ओठांवर येऊन अडणं, उत्तराला वेळ लागणं हे वयाचं. शब्दसंग्रह, अनुभवाने आलेली समज, माणसांची पारख सत्तरीपर्यंत चांगली टिकते, अनेकांची त्यापुढेही.

अल्झायमरमध्ये नकाशा वेगळा असतो. तिथे आधी मेंदूच्या मागच्या बाजूचा, म्हणजे पोस्टिरिअर सिंग्युलेट, प्रीक्युनिअस आणि कानशील-मध्यकपाल या भागांतला ग्लुकोजचा वापर उतरतो. म्हणूनच पेट स्कॅन वाचणारे डॉक्टर ‘एकूण किती’पेक्षा ‘कुठे’ याला जास्त महत्त्व देतात.

एकच काम करताना वयस्कर माणसाच्या मेंदूचा जास्त भाग उजळतो असं वाचलं. म्हणजे तो जास्त ऊर्जा खातो?

सोप्या कामात तरुणांचा कपाळामागचा भाग बहुधा एकाच बाजूने काम करतो, वयस्करांच्या बऱ्याचदा दोन्ही बाजू जुंपलेल्या दिसतात. ही भरपाई आहे की कामांची नेमकी वाटणी ढिली पडल्याची खूण, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. व्यवहारात अर्थ एवढाच : सोप्या कामालाच जास्त भाग लागला तर अवघड कामासाठी राखीव बळ कमी उरतं. म्हणून बँकेची कामं, प्रवासाचं आरक्षण, डॉक्टरांशी बोलणं ही सकाळी, झोप झालेली आणि पोटात काही असताना करावीत.

बायकांचा आणि पुरुषांचा मेंदू सारखाच म्हातारा होतो?

२० ते ८२ वयाच्या २०५ लोकांच्या पेट स्कॅनवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायकांचा मेंदू चयापचयाच्या दृष्टीने सरासरी ३.८ वर्षांनी तरुण दिसला. ही सरासरी आहे. तुमच्या घरातल्या कुणाला ती लागू होईलच असं नाही. आणि यावरून बायकांना डिमेन्शिया कमी होतो असंही समजू नका, अल्झायमरच्या रुग्णांत बायकाच जास्त आहेत.

मग एकदा पेट स्कॅन करून मेंदूची ऊर्जा तपासून घ्यावी का?

तक्रार नसेल तर नको. वयाप्रमाणे होणारी उतरण दिसली तरी तिच्यावर औषध नाही, आणि संदिग्ध अहवाल आला की पुढची दोन वर्षं काळजीत जातात. न्यूरॉलॉजिस्ट ही तपासणी स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखायला सांगतात, आणि तिथे ती खरोखर उपयोगी आहे.

तपासणीत एफडीजी नावाचा, ग्लुकोजसारखा दिसणारा किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे जाळू शकत नाहीत. तो तिथेच अडकतो आणि स्कॅनरला दिसतो. त्यातल्या फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून तो जवळच बनवावा लागतो. मुंबईची या बाबतीत जुनी ओळख आहे : परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर सुरू झाले.

तपासणी सांगितलीच असेल तर तयारीत हयगय नको, कारण बिघडलेले बहुतेक अहवाल तयारीपायी बिघडतात. चार ते सहा तास पोट रिकामं, साधं पाणी चालतं. त्या दिवशी सकाळचा चहा-कॉफी नको. इंजेक्शनआधी बोटातून साखर तपासतात. मेंदूसाठी ती १५०-१६० च्या आत असलेली बरी. साखर जास्त असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि मेंदूचा मागचा भाग खोटाच फिका दिसू शकतो, म्हणजे नेमकी अल्झायमरची नक्कल. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांची वेळ केंद्राला आधीच विचारा, स्वतः बदलू नका. झोपेची किंवा घबराटीवरची गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण तिने संपूर्ण मेंदू मंद दिसतो.

इंजेक्शनच्या आधी आणि नंतर अर्धा-पाऊण तास मंद प्रकाशाच्या शांत खोलीत बसवतात. तिथे बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, पोथी वाचायची नाही. वाचलं तर दृष्टीचा भाग, बोललं तर भाषेचा भाग जास्त साखर ओढतो. सोबतच्या नातेवाइकाने बाहेर थांबावं, नाहीतर ‘पाणी हवंय का, पंखा वाढवू का’ सुरू होतंच.

मेंदू साखरेवर चालतो, मग म्हातारपणी गोड जास्त खावं का?

नको. मेंदूला लागणारं ग्लुकोज यकृत रात्रभरही रक्तात सोडत असतं. पोळी, भात, भाकरीतून ते भरपूर मिळतं. रक्तातून मेंदूत ग्लुकोज नेणारे वाहक इन्सुलिनवर फारसे अवलंबून नसतात, आणि निरोगी माणसात रक्तातली साखर वाढवून मेंदूचा वापर वाढत नाही. अनेक वर्षं चढी राहिलेली साखर मात्र बारीक रक्तवाहिन्या खराब करते, आणि पुरवठा त्यांच्यातूनच होतो.

साखर कमी झाली तर?

हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचं, ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम बिघडू लागतं. तरुणांना आधी घाम, थरथर, धडधड जाणवते. वयस्करांत हे इशारे क्षीण होतात. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखी दबते. मग पहिलं लक्षण थेट मेंदूचं दिसतं : अडखळतं बोलणं, चिडचिड, स्थळकाळाचं भान हरवणं, तोल जाणं. घरच्यांना वाटतं, वय झालं किंवा झटका आला. ग्लुकोमीटर घरात असेल तर आधी बोट टोचा, मग तर्क लढवा.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या : ग्लुकोज पावडरचे चहाचे तीन चमचे पाण्यात, किंवा साखरेचं साधं शीतपेय दीडशे मिलिलिटर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या आतच असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की पोळी, बिस्किटं असं काहीतरी खायला द्या. चॉकलेट, पेढा देऊ नका. त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

दोन बारकावे बऱ्याच जणांना सांगितलेच जात नाहीत. जेवणाबरोबरची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरची साखर चालत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच रोखून धरते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी; तिचा डबा फ्रीजवर दिसेल असा ठेवा. दुसरं, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गटातल्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा पडू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. अशा वेळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी झोपवू नका, रुग्णालयात लक्षाखाली ठेवा.

एकादशीला उपवास केला की मेंदू कीटोनवर चालतो, आणि ते वयस्करांना चांगलं, असं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. कीटोन हे मेंदूचं दुसरं इंधन आहे. कित्येक आठवड्यांच्या उपासमारीत मेंदूची दोनतृतीयांशपर्यंत गरज ते भागवू शकतात. वयस्कर मेंदूत, अगदी अल्झायमरच्या सुरुवातीलाही, ग्लुकोजचा वापर घटला तरी कीटोन घेण्याची क्षमता बरीच शाबूत राहते. म्हणून संशोधकांचं तिकडे लक्ष आहे.

पण एकादशी! दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी वरीचे तांदूळ, मध्ये बटाट्याचा चिवडा आणि रताळ्याचा कीस. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यावर यकृताला कीटोन बनवायची गरजच पडत नाही. उपवास श्रद्धेने करा, त्यावर मेंदूचा हिशेब लादू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी करूच नये, आणि फराळाचा उपवास असला तरी मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. ताटात राजगिरा, ताक, दाण्याचा कूट वाढवून साबुदाणा निम्मा केला तर साखर कमी उसळते.

खोबरेल तेलाचंही तसंच. कीटोन बनवणारी मध्यम साखळीची आम्लं त्यात थोडी. निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि ते कीटोन फारसं बनवत नाही. चमचाभर तेल पिऊन स्मरणशक्ती वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. स्वयंपाकात जेवढं वापरता तेवढंच ठीक.

झोपेचा संबंध काय?

गाढ झोपेत मेंदूचा ग्लुकोजचा वापर जागेपणीच्या तुलनेत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत उतरतो. स्वप्नांच्या झोपेत तो पुन्हा जागेपणीइतका होतो. वयाबरोबर कमी होते ती नेमकी गाढ झोप. सहा-सात तास अंथरुणात घालवूनही ताजं वाटत नाही, त्याचं एक कारण हे. त्यावर गोळी हा उपाय नव्हे. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी झोप लागते, पण गाढ टप्पा वाढत नाही आणि रात्री पडण्याचा धोका वाढतो. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या, कारण तिथे मेंदूचा ऑक्सिजन रात्रभर वरखाली होत असतो.

चालण्याने खरंच फरक पडतो का? किती चालायचं?

एका अभ्यासात, २०११ साली, १२० वयस्करांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालवलं. वर्षाने त्यांच्या स्मृतीशी संबंधित हिपोकॅम्पसचं आकारमान सुमारे दोन टक्के वाढलं. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचं घटलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा ठळक फरक आला नाही. तरी रक्तवाहिन्या, साखर, रक्तदाब, झोप या चारही गोष्टी चालण्याने सुधारतात, आणि मेंदूचा पुरवठा याच चौघांवर उभा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते ते : आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाने, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. मध्यम वेग म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चार फेऱ्यांनंतर तासभर गप्पा चालतात. त्या गप्पाही मोजणीत नसल्या तरी फुकट जात नाहीत. पावसाळ्यात फूटपाथ निसरडे असतात, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरातल्या घरात खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं हा तोलाचा व्यायाम झाला.

रक्तदाब जास्त असेल तर मेंदूला रक्त जास्त मिळत नाही का?

मेंदू स्वतःचा रक्तप्रवाह स्वतः सांभाळतो. दाब वाढला की त्याच्या वाहिन्या आकसतात, घटला की रुंदावतात. अनेक वर्षं चढा दाब राहिला की वाहिन्या जाड होतात आणि ही व्यवस्था वरच्या दाबालाच सरावते. म्हणूनच दाब एकाएकी खूप उतरवला तर चक्कर येते, आणि ‘गोळी मानवत नाही’ म्हणून लोक ती सोडतात. मात्रा हळूहळू वाढवायची असते. दाब काटेकोर आवरल्याने स्मृतीतली सौम्य घट कमी लोकांत होते, असं २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

उठल्यावर अंधारी येत असेल तर घरीच तपासा : पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. तोवर सकाळी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, मग उठा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात लघवी वाढवणारी गोळी, घाम आणि कमी पाणी हे तिन्ही एकत्र आले की दाबही पडतो आणि सोडियमही. अचानक आलेला गोंधळलेपणा कधीकधी एवढ्यामुळेच असतो.

मेंदूचं टॉनिक, गिंकोच्या गोळ्या, एनएमएन वगैरे घ्यावं का?

पैसे वाचवा. गिंको रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, तीन हजारांहून जास्त वयस्करांवरची चाचणी, निकाल २००८ मध्ये आला : डिमेन्शिया टळला नाही. एनएमएनसारखे पदार्थ एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा एक रेणू, वाढवतात. वयाबरोबर मेंदूतलं एनएडी घटतं हेही खरं, पण गोळीने माणसाची स्मृती सुधारते हे अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही.

त्या पैशांत रक्ताच्या चार तपासण्या होतात : हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोडियम. शाकाहारी मंडळी आणि कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात बी-१२ ची कमतरता नेहमीची. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती नक्कीच भरून काढायची. २०० ते ३०० मध्ये असेल आणि पायांना मुंग्या किंवा विसराळूपणा असेल तर डॉक्टरांशी बोला. सर्दीच्या गोळ्यांकडेही बघा. क्लोरफेनिरामिन असलेली साधी गोळी सत्तरीतल्या माणसाला दोन दिवस गुंगीत ठेवू शकते.

नेहमीची उतरण आणि आजार यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं नेहमीचं. चष्मा फ्रीजमध्ये सापडणं आणि तो तिथे का गेला हे न कळणं, वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर चुकणं, त्याच दिवशी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पेन्शनचा हिशेब किंवा नेहमीची आमटी न जमणं, यांसाठी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत दाखवा. केईएम, नायर, सायन, जेजे अशा सार्वजनिक रुग्णालयांत ती असते.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदल झाला असेल तर वाट पाहू नका : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, उतरलेला सोडियम, साखर, नवं औषध, यांतलं काहीतरी बहुधा सापडतं. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अचानक अडखळणं म्हणजे पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या. मुंबईच्या रस्त्यांचा अंदाज धरून निघा आणि सीटी स्कॅन रात्रंदिवस चालणाऱ्या रुग्णालयातच जा.

ओपीडीत जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्णं आणि शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्यांसकट. सोबत घरात रोज वावरणारा माणूस हवा. रुग्ण स्वतः ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या मुलाला गेल्या वर्षीचं काहीच ठाऊक नसतं.